पेटीत मोकळं काही नको

४ नोव्हेंबर, मंगळवार

सात नंबर आज इंदूरला गेलं. साडेदहाला टेम्पोत चढलं, टेम्पो कोपऱ्यावर वळला, मी जिन्यातच उभी. हातात नाडीचा उरलेला तुकडा. काही सुचेना, तो तुकडा बोटाला गुंडाळत बसले.

बांधाबांधीत दीड दिवस गेला. सरांचं काम म्हणजे वेळ मोजायचा नाही. (लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली तरी वहीत हाताला 'सर'च येतं. त्यांच्याच वर्गात, ह्याच सात नंबरच्या टाइपरायटरवर टायपिंग शिकले, त्याला आता इलाज नाही.) कागद धरणारं कॅरेज मधोमध आणलं, दोन्ही बाजूंची मार्जिनं आत सरकवली, म्हणजे त्याला हलायला जागाच नाही. वर सुती नाडीचे चार वेढे. रिबन काढून वेगळी. तळाच्या भोकांतून बोल्ट घालून अख्खं मशीन जाड प्लायवर कसलं. मग प्लॅस्टिक, मग फोम, मग पुठ्ठ्याचा खोका, आणि सगळ्यात बाहेर दस्तगीरभाईंची लाकडी पेटी.

दस्तगीरभाई शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीवाल्यांना कास्टिंग, म्हणजे ओतीव माल, पाठवायच्या पेट्या करून देतात. सरांचे तीस वर्षांचे दोस्त. ही पेटी हौसेनं केली, रंधा मारून, कडा घासून. कास्टिंगच्या पेटीला कोण रंधा मारतं?

सरांचा नियम एकच. पेटीत मोकळं काही नको. सगळं बांधून झालं की पेटी तिरकी करतात आणि कान लावतात. डोळ्यांचं आता खरं नाही, डाव्यात मोतीबिंदू, डिसेंबरात ऑपरेशन. पण कान! बारा मशीनं एकदम वाजत असताना कुणाचं कुठलं बोट चुकलं ते पाठमोरे राहून सांगायचे. मी त्यात बऱ्याचदा सापडले.

आज कान लावला आणि म्हणाले, "गप हाय." म्हणजे पास.

इंदूरचे साठे तिथल्या एका मराठी शाळेतले निवृत्त शिक्षक. शाळेत एक खोली करतायत, मुलांनी मराठी मशीनवर बोटं चालवून बघावीत म्हणून. बोलणं ठरलंय: एक पाठवा, चालू स्थितीत पोचलं तर उरलेली अकराही पाठवा. इकडे टायपिंगचा हॉल डिसेंबरअखेर शिवणक्लासला द्यायचाय. इंदूर नाही म्हणालं तर अकराही भंगारात. भंगारवाला दर गुरुवारी जिन्याखाली उभा राहून वर बघतो, हाक मारत नाही. ते जास्त लागतं.

५ नोव्हेंबर, बुधवार

काल एक गोष्ट लिहायला धीर झाला नाही. आज लिहिते, नाहीतर आत नुसती फिरत राहील.

सर खाली ट्रान्सपोर्टवाल्याशी फोनवर बोलत होते. दस्तगीरभाई पॅसेजमध्ये पेटीला खिळे लावत होते. मशीन माझ्यासमोर, प्लॅस्टिक अजून वरून उघडं. मी कपाटातून गौरीची ओटी काढली आणि सात नंबरमध्ये ठेवली.

गौरी सप्टेंबरात कॅनडाला गेली, जावयाकडे. लग्नानंतर लेक पहिल्यांदा एवढ्या लांब निघालेली, मी खणात तांदूळ, सुपारी, हळकुंड, खारीक बांधून बॅगेत ठेवलं होतं. सरांनी बॅग काट्यावर ठेवली, वजन जास्त भरलं, त्यांनी ती पुरचुंडीच आधी काढली. म्हणाले, तिकडं धान्य चालत नाही, विमानतळावर पोरीला उभी करतील, आणि सामानात असलं मोकळं काही नको. त्यांचं बरोबरच होतं. बरोबर होतं म्हणून राग कुणावर काढावा कळेना. पोर ओटीशिवाय गेली. पुरचुंडी कपाटात राहिली.

काल वाटलं, हे तरी रिकामं जायला नको. टाइपचे दांडे अर्धगोल मांडून बसलेले असतात ना, त्यांच्यामधली खोलगट जागा. तिथं ठेवली. मशीनला दुसरी ओटी कुठली असणार. गाठ घट्ट होती. सरांच्या कानालाही कळली नाही, तेव्हा खरं सांगायचं तर मला थोडं जिंकल्यासारखं झालं.

८ नोव्हेंबर, शनिवार

पोचल्याचा फोन नाही. सर तीन नंबर साफ करत बसलेत, पुढचं तेच पाठवायचं म्हणून. रॉकेलचा वास घरभर. दुपारी दोनदा घड्याळ बघून म्हणाले, नाशिक ओलांडलं असेल. एका तासानं परत, ओलांडलं असेल ना गं?

मला काय माहीत. मी काय त्याच्यासोबत गेलेय?

गौरीचा व्हिडिओ कॉल. थंडी पडलीय म्हणे. ओटीचं तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पोळ्या गोल होतात म्हणाली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

साठ्यांचा फोन सकाळी नऊला. पेटी छान आली, कोपरासुद्धा खरचटलेला नाही. वरचं झाकण उघडलं, नाडी सोडली, अक्षराची कळ दाबली, हलेना. दुसरी दाबली, हलेना. जोर लावला तर दोन दांडे एकमेकांत अडकून वर आले आणि तसेच राहिले. फार सभ्य माणूस. स्वतःच दोन वेळा माफी मागितली.

सर फोन ठेवून उभेच राहिले. मग म्हणाले, "असं हुईतच न्हाय."

दिवसभर तेच. चहा घेताना, अंघोळीला जाताना. असं हुईतच न्हाय.

मला मात्र पहिल्या मिनिटालाच कळलं. गाठ सुटली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

साठ्यांनी फोटो पाठवला, माझ्या मोबाइलवर. सरांच्या डोळ्याला स्क्रीनवरचं बारीक दिसत नाही, म्हणून असले फोटो मीच बघून सांगते.

बोटांनी मोठा केला. दांड्यांच्या फटीत तांदूळ. चार-पाच दाणे अख्खे, बाकी कणी. एका दांड्याच्या बुडाला पिवळं, हळदीचं. खाली अंधारात काहीतरी गोल दिसतंय, सुपारीच असणार; खण तर दांड्यांखाली पार तळाला घसरलेला.

सर म्हणाले, काय दिसतंय?

मी म्हटलं, नीट आलेला नाही, अंधुक आहे.

आणि फोटो पुसून टाकला. असं लगेच, विचारसुद्धा न करता. हात एवढा हुशार निघेल असं वाटलं नव्हतं.

सरांनी मग साठ्यांनाच फोन लावला, आत काय दिसतंय ते तोंडी सांगा म्हणून. साठे म्हणाले, पांढरे पांढरे कण आहेत, थर्मोकोलचे असावेत. मी जास्त हात लावत नाही, तुमचं मशीन आहे.

थर्मोकोल. सरांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे वळले. आमच्या घरात थर्मोकोल येत नाही, त्याचे कण सगळीकडे शिरतात म्हणून. मग कुणी घातलं?

"मी खाली फोनवर हुतो तवा दस्तगीर वर हुता. तू तितंच हुतीस की. त्यानं आत काय भरलं?"

इथं सांगायला हवं होतं. एवढी सरळ संधी परत येणार नाही.

म्हटलं, "माझं लक्ष नव्हतं."

खोटं बोलल्यावर माणूस निदान चुलीकडे तरी लक्ष ठेवतो. माझी आमटी करपली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सर शिरोलीला जाऊन आले. स्कूटर चालवू नका असं डॉक्टरांनी बजावलंय, तरी गेले. दस्तगीरभाईंच्या शेडसमोरच्या चहाच्या गाड्यावर पाच-सहा जण बसले होते, त्यांच्यासमोरच बोलले. तू माझ्या मशीनमध्ये थर्मोकोल घातलंस, तीस वर्षांत माझ्या हातचं काही फुटलं नव्हतं, तू फोडलंस.

त्यांनी काय उत्तर दिलं, मी विचारलं. म्हणे, चहा खाली ठेवला आणि आत गेले.

सर सांगताना मधेच स्कूटरची किल्ली खिळ्याला अडकवायला उठले. त्यांनाही ते बरं वाटलेलं दिसलं नाही. पण एकदा तोंडातून गेलेलं परत घ्यायची त्यांना सवय नाही. मला तरी कुठं आहे.

गाड्यावर बसलेल्यांत दोन फाउंड्रीवाले होते. त्यांच्याच पेट्यांवर दस्तगीरभाईंचं घर चालतं.

भंगारवाला आला होता. आज जिना अर्धा चढला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सरांच्या डोक्यात नवीन. म्हणतात, थर्मोकोलशिवाय माझी बांधणी टिकते का ते सिद्ध करतो. दस्तगीरभाईंनी आधीच करून दिलेली दुसरी पेटी होती, तीत तीन नंबर बांधलं. अगदी तसंच. ह्या वेळी मला तिथून हलू दिलं नाही, नाडीचं दुसरं टोक धरायला लावलं. पूर्ण वेळ त्यांच्या हातापुढे माझा हात.

एका जुन्या विद्यार्थ्याचा दुधाचा टेम्पो रोज कोडोलीला जातो. त्यात पेटी ठेवायला लावली. कॅनच्या मध्ये, तळाला गादी नाही, काही नाही. तो बिचारा विचारतो, सर, कुणाला द्यायची? म्हणाले, कुणाला न्हाय. न्यायची आणि परत आणायची.

दुपारी आली. कान लावला. गप्प. उघडली, कागद चढवला, सरावाच्या सगळ्या ओळी टाइप केल्या. एक अक्षर अडलं नाही.

आनंद व्हायला हवा होता. सरांचं तोंड पडलं. बांधणी चांगली, पेटी चांगली, मग?

मग दस्तगीर. घाणा तिथंच फिरतो.

१७ नोव्हेंबर, सोमवार

कोडोलीचा रस्ता फार चांगला निघाला, असं सरांचं म्हणणं. आज पेटी बिद्रीच्या बाजूला. कारखाना सुरू झालाय, उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता उखडलाय, त्याहून वाईट रस्ता जिल्ह्यात मिळायचा नाही म्हणाले. रिक्षा-टेम्पोवाल्याला सांगितलं, खड्डा चुकवायचा न्हाय. तो माझ्याकडे बघायला लागला. मी खिडकीतून बाहेर बघितलं.

स्वतः सोबत गेले. संध्याकाळी आले ते धुळीनं पांढरे. तीन नंबर ठणठणीत. सरांची कंबर गेली. शेकत बसलेत आणि मोठ्यानं हिशेब मांडतायत, कुठला धक्का कुठल्या बोल्टवर गेला असेल. चौथ्यांदा ऐकतेय.

मला हसू येत होतं आणि रडूही. ह्या माणसाचं काही चुकलेलं नाही आणि तो चूक शोधत बिद्रीपर्यंत जाऊन आला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सांगायचं ठरवलं. चहा ठेवला. सर म्हणाले, शैला, एक बरंय, निदान घरात तरी कुणी मोकळं काही ठेवत नाही.

चहा उतू गेला. राहिलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

बसनं शिरोलीला गेले. घरी सांगितलं, भिशी आहे.

दस्तगीरभाईंची शेड फाउंड्रीच्या भिंतीला लागूनच. आत करवत चालू. मला बघून त्यांनी करवत बंद केली, स्टूल पुसून दिलं, पण नेहमीसारखं 'या वहिनी' म्हणाले नाहीत.

मी सगळं सांगितलं. ओटी, गाठ, फोटो, माझं लक्ष नव्हतं म्हणाले ते. सांगताना त्यांच्या तोंडाकडे बघवेना, समोरच्या फळीतल्या गाठीकडे बघून बोलले. ते करवतीवरचा भुसा हातानं झाडत राहिले. मग म्हणाले, धाकट्या मुलीला सांगलीला दिली तेव्हा त्यांच्या बायकोनंही पिशवीत काय काय भरलं होतं, त्यांना आजपर्यंत माहीत नाही. थोडे हसले. मला वाटलं, सुटले.

"तुम्ही आला, बरं केलं वहिनी. तुमच्यावर माझा राग न्हाय. पर मला नाव तुम्ही ठिवलं न्हवतं. ज्यानं चारचौघांत ठिवलं, त्यानं चारचौघांत यावं."

मी म्हटलं, त्यांना खरं काय ते माहीतच नाही अजून.

"मग सांगा की. मी तर काय सांगणार न्हाय. ती तुमच्या घरातली गोष्ट हाय."

एका फाउंड्रीवाल्यानं पुढच्या पेट्यांचं काम थांबवलंय, निघताना शेजारच्या शेडवाल्यानं सांगितलं. दस्तगीरभाईंनी ते माझ्यापाशी काढलंच नाही. परतीच्या बसमध्ये उभं राहायला जागा होती, बसायला नव्हती. बरं झालं. बसले असते तर रडले असते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

साठ्यांनी सात नंबर परत पाठवलंय. काल चढवलं. जसं होतं तसंच, झाकण बंद करून, खिळे मारून. म्हणाले, तुमच्याच हातानं नीट होईल, दुरुस्त करून परत पाठवा, मग उरलेल्यांचं बघू. 'बघू' म्हणाले. आधी 'पाठवा' म्हणाले होते.

म्हणजे पेटी इथं येणार आणि सर उघडणार. चार दिवस आहेत. मंगळवारपर्यंत.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज डोकं नको तिकडे धावलं. पेटी आधी माझ्याच हाती पडली तर? सर डोळ्याच्या तपासणीला जातील तेव्हा आली तर? उघडायची, तांदूळ वेचायचे, फुंकणीनं उडवायचे, सुपारी काढायची. दांडे वाकलेले राहतील पण ते धक्क्यानंही वाकतात. कुणाला कळणार नाही.

आणि दस्तगीरभाईंवर ते तसंच राहील, कायमचं.

हे लिहून ठेवतेय, म्हणजे मी काय काय करू शकते ते नंतर माझं मलाच वाचता येईल.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी सरांच्या डोळ्यात औषध घालत होते. मान मागे टाकून डोळे मिटून बसले होते. म्हटलं, आत्ता. त्यांना मी दिसत नाही, मला ते दिसतायत.

म्हटलं, "एक बोलायचंय."

ते म्हणाले, "दस्तगीरबद्दल न्हवं ना? त्याचं नाव काढू नकोस. त्याच्याशिवाय चहा गोड लागंना झालाय, तेवढं पुरे हाय."

थेंब गालावर पडला. पुसला आणि दुसऱ्या डोळ्याकडे वळले.

माझं हे नेहमीचंच. वर्गातही बोट अडखळलं की मी पुढचं अक्षर घाईनं मारायची, मागची चूक झाकायला. सर तेव्हा म्हणायचे, थांब, परत ये, तेच अक्षर नीट मार. अठरा वर्षांची होते. आता सत्तेचाळीस, तरी तेच.

२४ नोव्हेंबर, सोमवार

उद्या येणार. ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन सरांच्याच मोबाइलवर आला. वेचायचा प्रश्न मिटला.

जेवण गेलं नाही. गौरीला मेसेज केला, तुझी ओटी मी दुसऱ्याला दिली. तिनं हसणारी तीन तोंडं पाठवली. तिला काय वाटलं असेल कुणास ठाऊक.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

अकराला आलं. दोघं हमाल. पेटीला खरंच ओरखडा नाही, इंदूरला जाऊन परत आलीय असं वाटतच नाही. टेबलावर ठेवली. सरांनी हात धुतले, पुसले, पेटी तिरकी केली आणि कान लावला.

बराच वेळ तसेच. मग दुसऱ्या बाजूला तिरकी केली.

"थर्मोकोल असं वाजत न्हाय," म्हणाले. स्वतःशीच.

परत तिरकी. आतून सरसर, आणि मागोमाग एक टक्.

"हे जड हाय. बारीक हाय पर जड हाय." आणि तोंड उजळलं. इतक्या दिवसांत असं उजळलेलं बघितलं नव्हतं. "वाळू. फाउंड्रीची वाळू, शैला. त्याच्या शेडातली. पेटीच्या फटीत बसलेली आत उतरली." मोबाइल घेतला आणि दस्तगीरभाईंचं नाव शोधायला लागले. दिसेना, म्हणून माझ्यापुढे धरला. लाव म्हणाले. लाव फोन त्याला, आता सांगतो.

मी मोबाइल घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"वाळू नाही. तांदूळ आहेत."

"कसले तांदूळ?"

"ओटीचे. मी ठेवली होती. तुम्ही खाली फोनवर होता तेव्हा."

पुढचं थांबवता आलं नाही, थांबवायचंही नव्हतं. फोटोत दिसलं होतं ते, पुसला ते, लक्ष नव्हतं म्हणाले ते. दस्तगीरभाईंनी पेटीत एक कपटासुद्धा जास्त घातला नव्हता, हे दोनदा सांगितलं. सर ऐकत होते. हात पेटीवरच होता.

"आणि ते टक् करतंय ते?"

"सुपारी. नाहीतर हळकुंड."

"कुठली ओटी?"

"गौरीची."

"बॅगंतली?"

"व्हय."

त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर मीही ओरडले असते, सप्टेंबरातलं सगळं काढलं असतं, तयारी होती माझी. ते नुसते पेटीच्या झाकणावरून बोट फिरवत राहिले, रंध्यानं गुळगुळीत झालेल्या कडेवरून.

मग विचारलं, "दस्तगीरला ठाव हाय?"

"मागच्या बुधवारी जाऊन सांगितलं."

"म्हंजे मलाच तेवढं न्हाय."

मी पालथा मोबाइल सरळ करून त्यांच्यापुढे सरकवला. बाकी सगळ्याची माफी मागता येईल, ह्याची कशी मागायची मला कळत नाही.

उठले. हेल्मेट घेतलं. मी म्हटलं, रिक्षानं जा, डोळा बघा. जिन्याच्या दाराशी थांबून एवढंच म्हणाले, मी येईपातूर पेटी उघडायची न्हाय.

शिरोलीला गेले का आणखी कुठं, सांगितलं नाही. शिरोलीलाच गेले असावेत. आता गाड्यावर चहाची वेळ, सगळे बसलेले असतील. चारचौघं.

साडेतीन. साठ्यांचा फोन वाजला, उचलला नाही. काय सांगू? मशीन ठीक आहे, माणसांचं बघतोय?

साडेचार. अकरा मशीनं भिंतीशी ओळीत. सात नंबरची जागा मधे रिकामी, तिथली फरशी जरा काळी दिसते. पेटी टेबलावर. खिळे काढायची पक्कड मी फडक्यात गुंडाळून लांब ठेवली. वाटतं एवढंच, की ती आम्हा दोघांच्या देखत उघडावी. मी वेचीन तांदूळ, एकेक दाणा. वाकलेले दांडे सर सरळ करतील, त्यांना येतं. एक डोळा असला तरी येतं. आणि इंदूर नाहीच म्हणालं तर नाही.

त्यांनी उघडायला नको म्हटलं, फेकायला सांगितलं नाही. ह्याचा काय अर्थ लावायचा तो मी दहा वेळा लावून बघितला.

सव्वापाच. खाली स्कूटर थांबली. हीच, हिचा सायलेन्सर मला ओळखू येतो. जिन्यात पावलं. एकाची का दोघांची? मधल्या वळणावर थांबली, परत चढायला लागली. मी लिहायचं सोडून कान देतेय आणि मला कळत नाहीय. सरांना कळलं असतं.